बिळात हात, बाटलीला गळ: मांगूर पकडताना कायदा काय म्हणतो?

मृगाच्या सरी पडल्या की माळव्यातल्या ओढ्यानाल्यांना पाणी चढते आणि त्या पाण्यावर मांगूर, शिंगी, पडीन असे मिशीवाले मासे उथळ जागेकडे सरकू लागतात. याच दिवसांत गावोगावची पोरे हातात मिळेल ते घेऊन पाण्यात उतरतात. कोणी बिळात हात घालतो, कोणी मच्छरदाणी लावतो, कोणी रिकाम्या बाटलीला गळ बांधून सोडून देतो. हल्ली त्यात मोबाईलवर पाहिलेल्या परदेशी युक्त्यांची भर पडली आहे. बॅटरीचा करंट आणि जिलेटिनचे तोटे हे तर जुनेच दुखणे आहे.

"हे सगळे चालते का?" असे विचारले की बहुतेक वेळा दोनच उत्तरे मिळतात. एक, "नदी कुणाच्या बापाची नाही." दुसरे, "गळाशिवाय काहीही वापरले तर गुन्हा." दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. पद्धत विचित्र आहे की नेहमीची, याच्याशी कायद्याला फारसे देणेघेणे नाही. तो चार गोष्टी पाहतो: दिवस कोणता, पाणी कुणाचे, साधन काय आणि मासा कोणता. जूनमध्ये नदीवर साध्या गळाने धरलेला मासा गुन्हा ठरू शकतो आणि डिसेंबरमध्ये नुसत्या हाताने धरलेला ठरणार नाही. इंदूर, देवास, उज्जैन, ग्वाल्हेर भागातील आपल्या वाचकांसाठी मध्य प्रदेशातील नियम मुख्यत्वे धरून हा विषय समजून घेऊ.

मिशीवाल्या माशांचे वेगळेपण

बाजारात ज्याला कॅटफिश म्हणतात त्या गटात आपल्याकडचे बरेच मासे येतात. मांगूर आणि शिंगी हे चिखलातले, डबक्यातले. पडीन मोठ्या नदीतला, मीटरभराहून लांब वाढणारा शिकारी मासा. गूंच खोल डोहातला. यांच्या अंगावर खवले नसतात, तोंडाजवळ मिशा असतात आणि गढूळ पाण्यात किंवा रात्री ते या मिशांनीच भक्ष्य शोधतात.

मांगूर आणि शिंगी हवेतूनही श्वास घेऊ शकतात. पाणी आटले तरी ओल्या चिखलात ते तग धरतात. पावसाळी रात्री मांगूर ओल्या जमिनीवरून सरपटत एका डबक्यातून दुसऱ्यात जातो. त्यामुळे हा मासा कशानेही मरत नाही, कितीही पकडा, संपत नाही, असा समज पसरला आहे.

प्रत्यक्षात उलटे आहे. रोहूची मादी शरीराच्या दर किलोमागे दोन लाखांच्या आसपास अंडी देते. मांगुराची मादी काही हजारच देते. ती पावसाळ्यात, उथळ पाण्यात, गवताच्या मुळाशी किंवा काठच्या खळग्यात घातली जातात आणि नर त्यांच्यावर पहारा करतो. म्हणजे ज्या बिळात हात घातल्यावर मासा "सहज" सापडतो, तिथे तो बहुधा राखणीला बसलेला असतो. तो उचलला की मागची अंडी इतर मासे आणि किडे फस्त करतात. एका माशाबरोबर पुढची पिढीही जाते. आज देशी मांगूर जागतिक निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत 'संकटग्रस्त' वर्गात आहे आणि पडीन 'असुरक्षित' वर्गात. पुढचे सगळे नियम वाचताना ही गोष्ट लक्षात ठेवली तर ते मनमानी वाटणार नाहीत.

कायदा कुणाचा?

या विषयातला जुना केंद्रीय कायदा १८९७ चा, भारतीय मत्स्य अधिनियम. त्याआधी सरकारी पाहणी करणाऱ्या फ्रान्सिस डे या अधिकाऱ्याने १८७३ च्या अहवालात देशभरातल्या गोड्या पाण्यातील मासे विषाने आणि बारीक आसाच्या जाळ्यांनी कसे संपवले जात आहेत, हे लिहून ठेवले होते.

१८९७ च्या कायद्यातील दोन कलमे आजही कामाची आहेत. कलम ४ प्रमाणे मासे पकडण्यासाठी किंवा मारण्यासाठी कोणत्याही पाण्यात डायनामाइट किंवा दुसरे स्फोटक वापरणे गुन्हा आहे. कलम ५ प्रमाणे त्याच हेतूने पाण्यात विष, चुना किंवा घातक पदार्थ टाकणे गुन्हा आहे. कलम ६ राज्य सरकारला जाळ्यांचा प्रकार आणि आकार, पक्के सापळे, पाण्यात घातलेले बांध यांवर नियम करण्याचा अधिकार देते. तसेच ठराविक पाण्यात दोन वर्षांपर्यंत मासेमारी बंद ठेवण्याचाही अधिकार देते.

राज्यघटनेत मत्स्यव्यवसाय हा राज्यांचा विषय आहे. त्यामुळे सीमा ओलांडली की नियम बदलतात. मध्य प्रदेशात १९४८ चा मत्स्योद्योग कायदा आणि १९७२ चे नदीय मत्स्योद्योग नियम आहेत. महाराष्ट्राचा कायदा १९६० चा, कर्नाटकाचा अंतर्गत मत्स्यव्यवसायाचा कायदा १९९६ चा, गुजरातचा २००३ चा. बेळगावचा माणूस चंदगडला जाऊन किंवा वडोदऱ्याचा माणूस नंदुरबारला जाऊन "आमच्याकडे चालते" असे म्हणू शकत नाही.

पहिला प्रश्न: दिवस कोणता?

मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट हा 'बंद ऋतू' असतो. १९७२ च्या नियमांतील नियम ३ खाली या दोन महिन्यांत नद्यांमध्ये आणि त्यांना जोडलेल्या जलाशयांत मासेमारी बंद असते. अशा माशांची विक्री, देवाणघेवाण आणि वाहतूकही बंद असते. उल्लंघनाला एक वर्षापर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. दर वर्षी जून महिन्यात जिल्हाधिकारी कार्यालयातून याची जाहीर सूचना निघते, पण ती बहुधा वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर राहून जाते.

या बंदीत साधनाचा प्रश्नच येत नाही. हात असो, गळ असो, टोपली असो, नदीवर ते बंद. "आम्ही जाळे लावले नाही, नुसते हाताने धरले" हा बचाव इथे उपयोगाचा नाही.

सूट आहे ती नदीशी कोणताही संबंध नसलेल्या आणि सरकारने 'निर्दिष्ट जल' म्हणून न ठरवलेल्या छोट्या तळ्यांना. शेततळे चारी बाजूंनी बंद असेल तर ते या सुटीत बसते. पण पावसात ज्याचे पाणी सांडव्याने ओढ्यात आणि ओढ्यातून नदीत जाते, त्या तळ्याबद्दल आधी विचारून घेतलेले बरे.

कोकणातल्या नातेवाइकांशी बोलताना इथे एक गोंधळ होतो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै जी बंदी असते, ती समुद्रातल्या यांत्रिक नौकांसाठी आहे. तिचा आपल्या नद्यांशी संबंध नाही. "३१ जुलैला बंदी उठली" ही बातमी मालवणची असेल तर नर्मदेला ती लागू होत नाही. तिकडे पहिल्या पावसात वलगणीचे, म्हणजे चढणीचे मासे धरण्याची जुनी हौस आहे. ती हौस इकडे तशीच आणली तर तारखा नेमक्या बंद ऋतूत पडतात.

दुसरा प्रश्न: पाणी कुणाचे?

वाहत्या नदीतला मासा धरला जाईपर्यंत कुणाच्या मालकीचा नसतो. पण बंद तळ्यात सोडलेला मासा तळ्याच्या ताबेदाराचा असतो. तो उचलला तर मत्स्यखात्याचा नियम बाजूला राहतो आणि साधी चोरी ठरते.

गावतळी आणि जलाशय पंचायतींमार्फत मच्छीमार सहकारी संस्थांना पट्ट्याने दिले जातात. मोठ्या धरणांचा कारभार मत्स्य महासंघाकडे असतो. तवा धरणात विस्थापितांच्या सहकारी संघाने १९९६ पासून दहा वर्षे मासेमारी सांभाळली, हे अनेकांना आठवत असेल. अशा पाण्यात बोटुकली सोडायला, राखण करायला ढीमर, केवट, भोई कुटुंबांचे पैसे आणि रात्री खर्ची पडतात. रविवारी सहलीला गेलेल्या चौघांनी तिथे बाटल्यांचे गळ सोडले तर ती त्यांच्या दृष्टीने गंमत असेल, संस्थेच्या दृष्टीने ती उभ्या पिकातली चोरी आहे.

काही पाणी पूर्णपणे वेगळे आहे. ग्वाल्हेर, मुरैना भागातील चंबळ नदीचा मोठा पट्टा राष्ट्रीय चंबळ अभयारण्यात येतो. तिथे घडियाल, कासवे आणि डॉल्फिन आहेत. पाण्यात सोडून दिलेल्या जाळ्यात अडकलेला घडियाल श्वासासाठी वर येऊ शकत नाही आणि बुडून मरतो. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम ३२ नुसार अभयारण्यात वन्यजीवांना अपाय होईल असे रसायन किंवा स्फोटक वापरण्यावर बंदी आहे. तिथे वनखात्याचा अंमल चालतो आणि शिक्षा मत्स्य कायद्यापेक्षा कितीतरी कडक आहे.

इंदुरात सिरपूर तलाव आणि होळकरांच्या काळात शहराच्या पाण्यासाठी बांधलेला यशवंत सागर, ही दोन्ही ठिकाणे २०२२ साली रामसर यादीत आली. तिथे पाणथळ जागांचे २०१७ चे नियमही लक्षात घ्यावे लागतात.

तिसरा प्रश्न: साधन काय?

*हाताने चाचपणे.* बंद ऋतू सोडून, खुल्या पाण्यात, हाताने मासा धरण्यावर १८९७ च्या कायद्यात वेगळी बंदी नाही. धोका मात्र आहे. शिंगीच्या छातीच्या परांना विषारी काटा असतो आणि तो लागला की तासन्‌तास ठणका बसतो. सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवल्याने आराम पडतो, तरी सूज वाढली तर डॉक्टरकडे जावे. शिवाय बिळात मासाच असेल याची खात्री कोण देणार? पावसाळ्यात साप तिथेच आसरा घेतात.

अमेरिकेत याच प्रकाराला 'नूडलिंग' म्हणतात आणि मोबाईलवर दिसणारे बरेचसे व्हिडिओ तिथले असतात. ते पाहून "तिकडे तर उघडपणे चालते" असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की तिकडेही राज्याराज्यांत फरक आहे. ओक्लाहोमात ते चालते, टेक्सासमध्ये २०११ साली परवानगी मिळाली, मिसूरीत ते बेकायदा आहे. मिसूरीचा मुख्य आक्षेप तोच, जो आपण वर पाहिला: बिळातला मासा अंड्यांवर बसलेला असतो.

*बाटलीचे गळ आणि अनेक गळांची दोरी.* रिकामी बाटली तरंगत ठेवून तिला गळ बांधणे किंवा लांब दोरीला ओळीने गळ लावून रात्रभर सोडणे, ही मिशीवाल्या माशांसाठी जुनी युक्ती आहे, कारण ते रात्री तळाशी चरतात. खुल्या दिवसांत, परवानगी असलेल्या पाण्यात हे चालू शकते, पण आधी मत्स्य कार्यालयात विचारावे. सोडून दिलेला गळ कासव आणि पाणपक्षी यांनाही लागतो, आणि हरवलेली नायलॉनची दोरी वर्षानुवर्षे पाण्यात राहते. दोर सोडली तर काठावर थांबावे आणि मोजून परत काढावी.

*मच्छरदाणी, बांध, उपसा.* मच्छरदाणीत बोटाएवढी पिल्लेही अडकतात. ओढ्यावर मातीचा बांध घालून खालचे पाणी उपसले की चिखलात दडलेला प्रत्येक मांगूर हाती लागतो, पुढच्या पावसासाठी एकही उरत नाही. जाळ्याच्या आसावर, सापळ्यांवर आणि बांधांवर नियम करण्याचा अधिकार सरकारला कलम ६ खाली आहेच. पट्ट्याच्या अटींतही अशा गोष्टी येतात.

*विष.* गेळाची फळे, हिंगणबेट, निवडुंगाचा चीक, महुव्याची पेंड ही जुनी साधने. झाडपाल्याचे असल्यामुळे ते चालते, असा समज आहे. कलम ५ मध्ये झाडाचे विष आणि दुकानातले विष असा भेद नाही, चुन्याचाही नावाने उल्लेख आहे. मत्स्यशेतीत नवे तळे तयार करताना हेक्टरी दोन ते अडीच हजार किलो महुव्याची पेंड घालून नको असलेले मासे काढतात, पण ते स्वतःच्या बंद तळ्यात, खात्याच्या सल्ल्याने, आणि त्यानंतर दोन-तीन आठवडे नवे बीज सोडत नाहीत. तेच वाहत्या ओढ्यात केले तर खालच्या गावाची गुरे तेच पाणी पितात. आणि ज्या मांगुरासाठी हे करायचे, तो हवेतून श्वास घेत सगळ्यांत शेवटी मरतो. आधी मरतात ती रोहू-कतल्याची पिल्ले.

*करंट.* १८९७ च्या कायद्यात विजेचा उल्लेख नाही, कारण तेव्हा गावात वीजच नव्हती. म्हणून करंट चालतो, असे समजणे महागात पडते. तारेवर आकडा टाकून वीज घेतली तर विद्युत कायदा, २००३ च्या कलम १३५ खाली वीजचोरी होते आणि तिला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. त्या पाण्यात कोणी उतरून दगावले तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली निष्काळजीपणाने मृत्यूचा गुन्हा लागू शकतो, त्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ओल्या काठावर, उघड्या तारेशी खेळताना जीव जातो तो बहुधा तार धरणाऱ्याचाच किंवा त्याला सोडवायला धावलेल्याचा.

*जिलेटिन.* इथे "पण" नाही. कलम ४ 'कोणत्याही पाण्यात' म्हणते, म्हणजे स्वतःच्या विहिरीतसुद्धा नाही. १८९७ च्या कायद्यातली शिक्षा दोन महिने कैद किंवा दोनशे रुपये दंड एवढीच वाचून कोणी हसेल. पण विहीर खोदणाऱ्याकडून किंवा खाणीतून आणलेला तोटा परवान्याशिवाय जवळ बाळगला की स्फोटक पदार्थ कायदा, १९०८ लागतो आणि तिथे शिक्षा वर्षांमध्ये मोजतात. वात आखूड पडली तर हात जातो, आणि स्फोटाने मेलेले बरेच मासे तळाशी बसतात, हाती लागतच नाहीत.

चौथा प्रश्न: मासा कोणता?

बाजारात 'थाई मांगूर' नावाने मिळणारा मासा मुळात आफ्रिकेतला आहे. बांगलादेशामार्गे तो चोरून इकडे आला. देशी मांगूर हात-दीड हाताच्या पलीकडे वाढत नाही, हा मीटरभराहून मोठा होतो आणि पाण्यातले इतर मासे खाऊन टाकतो. त्याच्या पालनावर आणि विक्रीवर भारतात २००० सालापासून बंदी आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ साली साठे नष्ट करण्याचे आदेश दिल्यावर महाराष्ट्रासह अनेक राज्यांत तळी रिकामी करण्यात आली.

म्हणून तुमच्या गळाला असा मासा लागला तर दया येऊन तो परत पाण्यात सोडू नका. घरच्या शेततळ्यात तर मुळीच नको. कुठे त्याचे पालन चाललेले दिसले तर मत्स्य कार्यालयाला कळवा. देशी मांगूर पावसाळ्याच्या तोंडावर पोट फुगलेला सापडला तर मात्र तो जपून परत सोडण्यातच शहाणपण आहे.

पाण्यात उतरण्यापूर्वी

घरातली मुले किंवा पाहुणे मासे धरायला निघाले असतील तर एवढे तपासा:

१. तारीख १६ जून ते १५ ऑगस्टच्या मध्ये आहे का? असेल आणि पाणी नदीचे किंवा नदीला जोडलेले असेल तर बेत पुढे ढकला.

२. तळे किंवा जलाशय कुणाच्या पट्ट्यात आहे? ग्रामपंचायतीत किंवा मच्छीमार संस्थेत विचारा. संस्थेचे लोक थोडे पैसे घेऊन गळ टाकू देत असतील तर पावती मागा.

३. जागा अभयारण्यात किंवा संरक्षित पाणथळीत आहे का? असेल तर वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय काहीही करू नका.

४. सोबत कोणी विष, करंट किंवा तोटा आणला आहे का? आणला असेल तर त्याच्याबरोबर जाऊच नका. गुन्हा घडला की काठावर उभ्या असलेल्यांचीही चौकशी होते.

शंका असेल तर जिल्ह्यातील सहायक संचालक, मत्स्योद्योग यांच्या कार्यालयात विचारता येते. नियम दर वर्षी तपासून घ्यावेत, कारण अधिसूचना बदलू शकतात. कोणी स्फोट करताना किंवा करंट सोडताना दिसला तर त्याच्याशी काठावर हुज्जत घालू नका. दूर होऊन ११२ वर कळवा आणि जागा नीट सांगा.

आणि बाजारातून मासे आणणाऱ्यांसाठीही एक गोष्ट. बंद ऋतूत "नर्मदेचा ताजा पडीन" म्हणून कोणी दुप्पट भाव सांगितला तर तो घेऊ नका. त्या दिवसांत तळ्यातले पाळलेले मासे आणि बाहेरून आलेला समुद्राचा माल उघडपणे मिळतो. १६ ऑगस्टनंतर नदीचा मासा पुन्हा बाजारात येतो, आणि तोवर त्याची पिल्लेही पाण्यात रुळलेली असतात.